शस्त्राधिकार आणि मताधिकार : अमेरिकेच्या राज्यघटनेतील दोन हक्कांचा तौलनिक विचार

लोकशाही राज्यात मत देण्याचा हक्क हा अन्य सर्व हक्कांचा आधार होय, ही धारणा राज्यशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही १८८६ साली 'यिक वो विरुद्ध हॉपकिन्स' या खटल्यात मताधिकार हा इतर सर्व हक्कांचे रक्षण करणारा हक्क असल्याचे म्हटले होते. ही धारणा खरी मानली, तर त्या देशाच्या घटनाशास्त्रात सर्वांत भक्कम संरक्षण मताधिकारालाच मिळत असले पाहिजे, अशी अपेक्षा कोणीही करील. वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे. घराबाहेर पिस्तूल बाळगण्यावर एखाद्या राज्याने निर्बंध घातला, तर तो निर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेशी सुसंगत आहे हे त्या राज्याला न्यायालयापुढे दाखवावे लागते. उलट, मतदान केंद्रावर येणाऱ्या नागरिकावर त्याच राज्याने एखादी अट लादली, तर ती अट आपल्याला जाचक होते हे सामान्यतः प्रथम नागरिकालाच पुराव्यानिशी दाखवावे लागते. एका खटल्यात शाबितीचा भार राज्यावर, दुसऱ्यात तो नागरिकावर.

हा भेद कशातून उत्पन्न झाला? घटनेच्या शब्दांतून, की त्या शब्दांच्या न्यायालयीन अर्थातून? आणि तो तर्कदृष्ट्या टिकतो काय? या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. बंदुकांच्या प्रसारामुळे होणारे सामाजिक परिणाम, किंवा अमेरिकन पक्षांच्या त्याविषयीच्या भूमिका, हा त्याचा विषय नाही.

१. घटनेतील शब्द

१७८७ साली तयार झालेल्या मूळ घटनेत शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा उल्लेख नाही; मत देण्याच्या हक्काचाही नाही. पहिला हक्क १७९१ मध्ये, हक्कांच्या सनदेतील दुसऱ्या दुरुस्तीने, घटनेत आला. या दुरुस्तीत एकच वाक्य आहे आणि त्याचे दोन भाग पडतात. स्वतंत्र राज्याच्या सुरक्षिततेसाठी सुनियंत्रित मिलिशिया, म्हणजे नागरिकांची लोकसेना, आवश्यक आहे, असे पूर्वार्धात म्हटले आहे. आणि शस्त्रे बाळगण्याच्या व धारण करण्याच्या लोकांच्या हक्काचे उल्लंघन होता कामा नये, असे उत्तरार्धात. पूर्वार्ध हा उत्तरार्धाला मर्यादा घालतो की केवळ त्याचे एक प्रयोजन सांगतो, या एका प्रश्नाभोवती पुढील दोन शतकांचा वाद फिरत राहिला.

मताधिकाराची कथा याहून गुंतागुंतीची आहे. प्रतिनिधिगृहाच्या निवडणुकीत कोणी मत द्यावे हे मूळ घटनेने ठरविले नाही. प्रत्येक राज्यात तेथील विधिमंडळाच्या अधिक सभासदसंख्येच्या सभागृहासाठी ज्यांना मत देता येते, त्यांनाच येथेही देता यावे, एवढेच तिने सांगितले. अध्यक्षाच्या निवडणुकीतील निर्वाचकांची नेमणूक कशी व्हावी हे तर तिने सर्वस्वी राज्यांच्या विधिमंडळांवर सोपविले. २००० सालच्या 'बुश विरुद्ध गोर' या खटल्यातही न्यायालयाने या तरतुदीचे स्मरण करून दिले : अध्यक्षीय निर्वाचकांसाठी मत देण्याचा संघीय घटनात्मक हक्क व्यक्तीला नाही, राज्याच्या विधिमंडळाने लोकमताने निवड करण्याचा मार्ग स्वीकारला, तरच तो उत्पन्न होतो.

'मत देण्याचा हक्क' हा शब्दप्रयोग घटनेत प्रथम आला तो यादवी युद्धानंतर, १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीच्या दुसऱ्या कलमात. त्यानंतर पंधराव्या दुरुस्तीने (१८७०) वंश व वर्ण, एकोणिसाव्या दुरुस्तीने (१९२०) लिंग, चोविसाव्या दुरुस्तीने (१९६४) संघीय निवडणुकांतील मतदान-कर, आणि सव्विसाव्या दुरुस्तीने (१९७१) अठरा वर्षांवरील नागरिकांचे वय, या कारणांवरून मताधिकार नाकारण्यास मनाई केली.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. या दुरुस्त्यांची वाक्यरचना दुसऱ्या दुरुस्तीच्या वाक्यरचनेहून मूलतः भिन्न नाही. 'लोकांना शस्त्राधिकार दिला जात आहे' असे दुसरी दुरुस्ती म्हणत नाही. तो हक्क अस्तित्वात आहे असे गृहीत धरून त्याचे उल्लंघन ती निषिद्ध ठरविते. पंधरावी दुरुस्तीही 'नागरिकांना मताधिकार दिला जात आहे' असे म्हणत नाही. नागरिकांचा मताधिकार गृहीत धरून तो वंशाच्या कारणावरून नाकारणे ती निषिद्ध ठरविते. फरक आहे तो निषेधाच्या व्याप्तीत. पहिला निषेध सरसकट आहे, दुसरा विशिष्ट कारणांपुरता. हा फरक लहान नव्हे. परंतु 'एक हक्क घटनेने दिला आहे व दुसरा दिलेला नाही' असे जे म्हटले जाते, ते शब्दांच्या काटेकोर वाचनाला धरून नाही, हे यावरून स्पष्ट होते. दान कोणत्याच हक्काचे झालेले नाही. दोन्ही हक्क गृहीत धरलेले आहेत.

२. २७ मार्च १८७६

या दोन गृहीत हक्कांची भेट एकाच दिवशी, एकाच न्यायालयात, एकाच न्यायाधीशाच्या लेखणीखाली झाली. ती कशी झाली हे समजण्यासाठी यादवी युद्धानंतरच्या दक्षिणेकडील परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे.

गुलामगिरी नष्ट झाल्यावर दक्षिणेतील राज्यांनी मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठी वेगळे कायदे केले. मिसिसिपी राज्याच्या १८६५ च्या कायद्याने, सैन्यात नसलेल्या व परवाना न मिळालेल्या मुक्त कृष्णवर्णीयास बंदूक बाळगण्यास बंदी केली. मताधिकार तर त्यांना नव्हताच. मतपत्रिका आणि बंदूक या दोहोंपासून दूर ठेवणे हे एकाच दास्याचे दोन भाग होते, ही जाणीव पुनर्रचनेच्या काळातील काँग्रेसमध्ये होती. चौदावी व पंधरावी दुरुस्ती, आणि त्यांच्या अंमलबजावणीसाठी झालेला १८७० चा कायदा, यांमागे ती उभी आहे.

१८७२ साली लुइझियाना राज्यात गव्हर्नरपदाची निवडणूक झाली आणि दोन्ही पक्षांनी आपापला विजय जाहीर केला. या वादात कोलफॅक्स या लहानशा गावातील न्यायालयाची इमारत कृष्णवर्णीय नागरिकांनी, त्यांतील काहींनी हाती शस्त्रे घेऊन, आपल्या पक्षाच्या अधिकाऱ्यांसाठी ताब्यात ठेवली. १३ एप्रिल १८७३ रोजी, ईस्टरच्या रविवारी, श्वेतवर्णीयांच्या सशस्त्र जमावाने तोफेसह इमारतीवर हल्ला केला. अनेक कृष्णवर्णीय मारले गेले. त्यांपैकी कित्येकांची हत्या शरण आल्यानंतर झाली. राज्याच्या न्याययंत्रणेकडून काही होणे शक्य नव्हते. म्हणून संघीय सरकारने १८७० च्या कायद्याखाली खटला भरला. मृतांचा सभेचा हक्क, शस्त्र धारण करण्याचा हक्क आणि मताधिकार हिरावून घेण्याचा कट केल्याचे आरोप त्यात होते. हाच 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध क्रुकशँक' हा खटला होय.

त्याच सुमारास केंटकी राज्यातील लेक्झिंग्टन शहरात एका कृष्णवर्णीय नागरिकाचे मत स्वीकारण्यास निवडणूक-निरीक्षकांनी नकार दिल्यावरून 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध रीज' हा खटला उभा राहिला. दोन्ही खटल्यांचे निकाल सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च १८७६ रोजी दिले आणि दोन्ही निकालपत्रे सरन्यायाधीश मॉरिसन वेट यांनी लिहिली. दोन्ही खटल्यांत संघीय सरकार हरले.

रीज खटल्यात न्यायालय म्हणाले की, पंधरावी दुरुस्ती कोणालाही मताधिकार देत नाही. वंशाच्या कारणावरून भेदभाव होऊ नये एवढीच सवलत ती देते. मताधिकार राज्यांकडून येतो, असे क्रुकशँकच्या निकालात याच सूत्राचे स्पष्टीकरण करण्यात आले. एक वर्षापूर्वी, १८७५ मध्ये, 'मायनर विरुद्ध हॅपरसेट' या खटल्यात वेट यांनीच सर्व न्यायाधीशांच्या वतीने लिहिले होते की, स्त्री ही नागरिक असली, तरी नागरिकत्वाबरोबर मताधिकार येत नाही. संघीय घटना तो कोणालाच देत नाही.

क्रुकशँक खटल्यात शस्त्राधिकाराविषयीही न्यायालय वरवर पाहता हेच म्हणाले : हा हक्क घटनेने दिलेला नाही. पण लगेच त्याने पुढे जोडले की, आपल्या अस्तित्वासाठी हा हक्क घटनेवर अवलंबूनही नाही. त्याचे उल्लंघन काँग्रेसने करू नये, एवढाच दुसऱ्या दुरुस्तीचा अर्थ; खाजगी व्यक्तींनी वा राज्याने ते केले, तर त्याला ही दुरुस्ती लागू पडत नाही. मताधिकाराविषयीच्या आरोपांबाबत न्यायालयाने म्हटले की, वैराचे कारण वंश असावा असा संशय घेता येईल. परंतु आरोपपत्रात तसे स्पष्ट म्हटलेले नाही.

कोलफॅक्सच्या मृतांच्या दृष्टीने दोन्ही विधानांचा परिणाम एकच झाला. त्यांच्या बंदुकीचे रक्षण घटनेने केले नाही आणि त्यांच्या मताचेही नाही. पण तत्त्वाच्या दृष्टीने दोन्ही विधाने एकमेकांपासून फार दूर जातात. 'घटनेने दिलेला नाही' या एकाच वचनाचा अर्थ शस्त्राधिकाराच्या बाबतीत 'घटनेहूनही जुना' असा झाला, तर मताधिकाराच्या बाबतीत 'राज्याच्या इच्छेवर अवलंबून' असा झाला. शस्त्राधिकाराला पूर्वज मिळाले. मताधिकाराला पालक मिळाला, आणि तो पालक म्हणजे ज्याच्यापासून मतदाराचे रक्षण व्हावयाचे तेच राज्य होते. प्रस्तुत विषयाचे मर्म या दुभंगात आहे.

३. दोन वेगळ्या वाटा

पुढील सुमारे सव्वाशे वर्षांत या दोन हक्कांनी परस्परविरुद्ध दिशांनी प्रवास केला. मताधिकाराच्या वाट्याला प्रथम मोठा ऱ्हास आला. वंशाचा उल्लेख टाळून साक्षरतेची परीक्षा, मतदान-कर आणि आजोबांच्या मताधिकारावर आधारलेली सूट अशा युक्त्या दक्षिणेतील राज्यांनी योजिल्या. आणि 'विल्यम्स विरुद्ध मिसिसिपी' (१८९८) या खटल्यात न्यायालयाने साक्षरतेची व कराची अट वैध ठरविली. परिणाम आकड्यांत स्पष्ट दिसतो. क्रुकशँक खटला ज्या लुइझियाना राज्यातून आला, तेथे १८९६ मध्ये १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदारांची नोंद होती. १९०४ मध्ये ती १,३४२ वर आली.

या अधोगतीतून मताधिकार वर आला तो मुख्यतः विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात. १९६४ च्या 'रेनॉल्ड्स विरुद्ध सिम्स' खटल्यात मतदारसंघांच्या लोकसंख्येत समानता असली पाहिजे, असा निर्णय झाला. १९६५ च्या मताधिकार कायद्याने साक्षरतेच्या परीक्षा दक्षिणेतील बहुतेक राज्यांत स्थगित केल्या. १९६६ च्या 'हार्पर' खटल्यात व्हर्जिनिया राज्याचा दीड डॉलरचा मतदान-कर अवैध ठरला. या निकालाची तर्कपद्धती मात्र ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मताधिकार घटनेने दिला आहे असे न्यायालयाने येथेही म्हटले नाही. राज्याने तो एकदा दिला की, समान संरक्षणाच्या तत्त्वाला विसंगत अशा रेषा राज्याला आखता येत नाहीत, असे त्याने म्हटले. म्हणजे मताधिकाराला मिळालेले नवे बळही समतेच्या तत्त्वाकडून उसने घेतलेले होते. मूळ गृहीत ढळले नव्हते.

शस्त्राधिकाराची या काळातील स्थिती जवळजवळ सुप्तावस्थेची होती. 'प्रेसर विरुद्ध इलिनॉय' (१८८६) खटल्यात दुसरी दुरुस्ती राज्यांना लागू नसल्याचे न्यायालयाने पुन्हा सांगितले. 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध मिलर' (१९३९) या खटल्यात, नळी कापून आखूड केलेल्या बंदुकीचा लोकसेनेच्या कार्यक्षमतेशी संबंध दाखविला गेला नाही, म्हणून तिला या दुरुस्तीचे संरक्षण नाही, असा निर्णय झाला. त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षे कनिष्ठ न्यायालये सामान्यतः असेच मानीत आली की, दुसऱ्या दुरुस्तीतील हक्क लोकसेनेच्या सेवेशी निगडित आहे. विद्यापीठीय संशोधनात या अर्थाला आव्हान मिळू लागले ते शतकाच्या शेवटच्या चरणात. त्याच सुमारास शस्त्रधारकांच्या संघटनाही राजकारणात अधिक सक्रिय झाल्या.

४. २००८ : दोन महिन्यांतील दोन निकाल

१८७६ प्रमाणेच २००८ मध्येही हे दोन हक्क न्यायालयापुढे जवळजवळ बरोबरच आले. २८ एप्रिल २००८ रोजी 'क्रॉफर्ड विरुद्ध मॅरियन काउंटी निवडणूक मंडळ' या खटल्याचा निकाल लागला. प्रत्यक्ष मतदान केंद्रावर मत देणाऱ्या मतदाराने छायाचित्र असलेले सरकारी ओळखपत्र दाखविलेच पाहिजे, असा कायदा इंडियाना राज्याने २००५ मध्ये केला होता. तोतया मतदारांना आळा घालणे हा त्याचा एक उद्देश सांगितला गेला. केंद्रावर येऊन दुसऱ्याच्या नावाने मत दिल्याचे एकही उदाहरण त्या राज्यात घडल्याचा पुरावा न्यायालयापुढे नव्हता, हे न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांच्या मुख्य निकालपत्रातच मान्य केले आहे. तरीही कायदा सहा विरुद्ध तीन मतांनी वैध ठरला. ओळखपत्र मोफत असले, तरी ते मिळविण्यासाठी लागणारा जन्माचा दाखला ज्यांच्याजवळ नाही अशा वृद्ध व गरीब मतदारांची अडचण न्यायालयाने नाकारली नाही. परंतु असे मतदार किती आणि त्यांच्यावरील भार नेमका केवढा, हे अर्जदारांनी पुराव्याने दाखविले नाही, असे त्याने म्हटले.

या निकालामागील कसोटी 'अँडरसन विरुद्ध सेलेब्रेझ' (१९८३) आणि 'बर्डिक विरुद्ध ताकुशी' (१९९२) या खटल्यांतून आलेली आहे. निवडणुकीचा प्रत्येक नियम मतदारावर काही ना काही भार टाकतोच. प्रत्येकाची काटेकोर तपासणी करू लागल्यास राज्यांना निवडणुका घेणेच अशक्य होईल. म्हणून मतदारावरील भार एका पारड्यात आणि राज्याचे हित दुसऱ्या पारड्यात घालून पाहावे. भार गंभीर असेल तरच कठोर तपासणी. एरवी राज्याचे सामान्य हित पुरेसे.

क्रॉफर्ड निकालानंतर दोन महिन्यांच्या आत, २६ जून २००८ रोजी, 'डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विरुद्ध हेलर' या खटल्याचा निकाल लागला. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने ठरविले की, दुसऱ्या दुरुस्तीतील हक्क व्यक्तीचा आहे, लोकसेनेच्या सेवेवर तो अवलंबून नाही, आणि घरात आत्मसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवण्यावरील राजधानीची बंदी अवैध आहे. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी लिहिले. हा हक्क घटनेपूर्वीचा असल्याचे दाखविण्यासाठी त्यांनी ज्या वचनांचा आधार घेतला, त्यांत क्रुकशँक निकालातील वचनही होते. सव्वाशेहून अधिक वर्षे निद्रिस्त राहिलेला तो 'पूर्वज' येथे जागा झाला.

न्यायमूर्ती ब्रायर यांनी आपल्या विरोधी निकालपत्रात सुचविले की, हा व्यक्तीचा हक्क मानला, तरी त्याची तपासणी हितांचा समतोल पाहूनच व्हावी. आणि अशी पद्धत न्यायालयाने अन्यत्र वापरल्याची उदाहरणे देताना त्यांनी निवडणूक कायद्याच्या संदर्भात बर्डिक खटल्याचाही उल्लेख केला. म्हणजे मतदाराला जी कसोटी लावली जाते, तीच शस्त्रधारकाला लावावी, असाच त्याचा आशय होतो. स्कॅलिया यांनी ती सूचना नाकारली. घटनेत नामनिर्देश केलेल्या अन्य कोणत्याही हक्काच्या गाभ्याला अशी समतोलाची कसोटी लावलेली आपल्याला ठाऊक नाही, असे त्यांनी लिहिले. या उत्तरातील 'नामनिर्देश केलेला' हे विशेषण निर्णायक आहे. चार-पाच दुरुस्त्यांत नावाने उल्लेखिलेला मताधिकार या वर्गात का मोडत नाही, याचे उत्तर १८७६ च्या गृहीतातच शोधावे लागते.

२०१० च्या 'मॅक्डोनाल्ड विरुद्ध शिकागो' खटल्याने हेलरचे तत्त्व चौदाव्या दुरुस्तीच्या द्वारे राज्यांना लागू केले. २०२२ च्या 'ब्रुएन' खटल्यात न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. घराबाहेर पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठी विशेष गरज दाखविण्याची न्यूयॉर्क राज्याची अट रद्द करताना न्यायमूर्ती थॉमस यांनी हितांच्या समतोलाची पद्धत पूर्णपणे बाजूस सारली. आचरण दुसऱ्या दुरुस्तीच्या शब्दांत बसत असेल, तर निर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेला धरून आहे हे सरकारनेच दाखविले पाहिजे, असा नियम झाला. आपली विशेष गरज अधिकाऱ्याला पटवून दिल्यावरच वापरता येतो असा दुसरा घटनात्मक हक्क नाही, असे सांगताना त्यांनी भाषण, धर्म व साक्षीदारांची उलटतपासणी यांची उदाहरणे दिली. मताधिकाराचे दिले नाही. 'रहिमी' (२०२४) खटल्यात ही कसोटी काहीशी सैल झाली. कौटुंबिक हिंसेवरून न्यायालयीन मनाईहुकूम झालेल्या व्यक्तीला तात्पुरते निःशस्त्र करणे आठ विरुद्ध एक मतांनी वैध ठरले, आणि निर्बंधाला इतिहासात हुबेहूब जोड सापडण्याची गरज नाही, असे स्पष्ट करण्यात आले. शाबितीचा भार मात्र सरकारवरच राहिला.

५. व्यक्तीचा हक्क आणि नागरी हक्क

या भेदाचे समर्थन करता येते काय? सर्वांत व्यवस्थित समर्थन २०१९ मध्ये सातव्या मंडळाच्या संघीय अपील न्यायालयातील 'कँटर विरुद्ध बार' या खटल्यात आढळते. टपालाद्वारे फसवणूक केल्याबद्दल शिक्षा झालेल्या एका इसमाने आपल्याला शस्त्र बाळगण्यास कायमची मनाई करणाऱ्या कायद्याला आव्हान दिले होते. बहुमताने ते फेटाळले. तेव्हा त्या न्यायालयात असलेल्या न्यायाधीश एमी कोनी बॅरेट यांनी विरोधी मत नोंदविताना दोन प्रकारच्या हक्कांत भेद केला. मत देणे व ज्यूरीवर बसणे हे नागरी हक्क आहेत. समाजाच्या सामूहिक कार्यात भाग घेण्याचे ते हक्क असल्यामुळे, ज्याने गुन्हा करून समाजाचा विश्वास गमावला त्याच्याकडून ते काढून घेण्याची परंपरा आहे. शस्त्राधिकार हा व्यक्तीच्या स्वसंरक्षणाचा हक्क आहे. तो चारित्र्यावर अवलंबून नाही, म्हणून केवळ धोकादायक व्यक्तीकडूनच तो काढून घेता येतो.

या युक्तिवादाला इतिहासाचा आधार नाही असे म्हणता येणार नाही. 'रिचर्डसन विरुद्ध रामिरेझ' (१९७४) या खटल्यात, चौदाव्या दुरुस्तीच्या दुसऱ्या कलमातील अपवादावर बोट ठेवून, शिक्षा भोगून झालेल्या गुन्हेगारांचाही मताधिकार काढून घेणे न्यायालयाने वैध मानले आहे. शिवाय दोन्ही हक्कांच्या स्वरूपात एक खरा फरक आहे. बंदूक घरात ठेवण्यासाठी राज्याने काही करावे लागत नाही. ते दूर राहिले की पुरे. मत देण्यासाठी मात्र याद्या, केंद्रे, मतपत्रिका व मोजणी हे सर्व राज्यानेच उभारावे लागते. जो हक्क राज्याच्या यंत्रणेवाचून वापरताच येत नाही, त्याचे नियमन अपरिहार्य आहे.

तथापि हे समर्थन दोन ठिकाणी अडते. पहिली अडचण ऐतिहासिक आहे. अठराव्या शतकात शस्त्रधारणही मोठ्या प्रमाणात नागरी स्वरूपाचे होते. दुसऱ्या दुरुस्तीचा पूर्वार्ध लोकसेनेविषयीच बोलतो. म्हणजे ज्या काळात दोन्ही हक्क नागरिकत्वाशी निगडित होते, त्या काळातून हेलर निकालाने एकाला व्यक्तीच्या बाजूला आणले व दुसरा होता तेथेच राहिला. दुसरी अडचण तर्काची आहे. हक्क वापरण्यासाठी राज्याची यंत्रणा लागते, यावरून नियम करण्याची राज्याची गरज सिद्ध होते. नियमाचे समर्थन करण्यापासून राज्याची सुटका मात्र होत नाही. उलट, ज्या हक्काच्या वाटेवरील प्रत्येक दार राज्याच्याच हाती आहे, त्याच्या बाबतीत दार का लावले हे सांगण्याची जबाबदारी अधिक असली पाहिजे. इतरांना होणाऱ्या अपायाचा विचार केला, तरी निर्बंधाची आवश्यकता बंदुकीच्या बाबतीत कमी ठरत नाही.

शस्त्राधिकाराच्या पुरस्कर्त्यांचाही एक आक्षेप येथे नोंदविला पाहिजे. प्रत्यक्ष व्यवहारात शस्त्र खरेदी करणाऱ्यास ओळखपत्र, १९९३ च्या ब्रॅडी कायद्याखालील पूर्वचौकशी आणि कित्येक ठिकाणी परवाना-शुल्क यांतून जावे लागते. मतदान-कर मात्र सर्वत्र निषिद्ध आहे. हे खरे आहे. लेखाचा मुद्दा निर्बंध कोणावर अधिक आहेत हा नसून, निर्बंधाला आव्हान मिळाल्यावर उत्तर कोणी द्यावयाचे, हा आहे. टेक्सास राज्याच्या २०११ च्या कायद्याने मतदानासाठी ओळख म्हणून पिस्तुलाचा परवाना मान्य केला आणि राज्य विद्यापीठाचे विद्यार्थी-ओळखपत्र अमान्य केले. दोन्ही हक्कांचे आजचे नाते त्या एका यादीत वाचता येते.

६. भारतीय घटनेच्या संदर्भात

भारतीय अभ्यासकाला या तुलनेत विशेष स्वारस्य आहे, कारण हे दोन हक्क आपल्याकडेही एकदा शेजारी बसले होते. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांविषयीच्या ठरावात प्रौढ मताधिकार आणि नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क, हे दोन्ही समाविष्ट होते. १८७८ च्या शस्त्र कायद्याने निःशस्त्र झालेल्या व मताधिकार मोजक्यांनाच असलेल्या देशात हे स्वाभाविकच होते. घटनेच्या मूलभूत हक्कांच्या प्रकरणात मात्र दोहोंपैकी एकही आला नाही. हक्कविषयक उपसमितीने १९४७ मध्ये मताधिकाराचा समावेश सुचविला होता. सल्लागार समितीने तत्त्व मान्य करून त्याला त्या प्रकरणाबाहेर ठेवले आणि तो ३२६ व्या अनुच्छेदात गेला. शस्त्राधिकारासाठी ह. वि. कामत यांनी डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध करताना, आग्रह धरावयाचा तर तो शस्त्र धारण करण्याच्या हक्काचा नव्हे, कर्तव्याचा धरावा, असे उत्तर दिले. आज एकोणिसाव्या अनुच्छेदातील सभेचा हक्कही 'शस्त्रांवाचून' एकत्र जमण्याचा आहे.

अशा प्रकारे प्रौढ मताधिकाराचे तत्त्व भारतीय घटनेने निःसंदिग्ध शब्दांत सांगितले, जे अमेरिकन घटनेने कधीच सांगितले नाही. तरीही 'पोन्नुस्वामी' (१९५२) व 'ज्योती बसू विरुद्ध देवी घोषाल' (१९८२) या निकालांत मताधिकार हा कायद्याने निर्माण केलेला हक्क मानला गेला. 'अनूप बरनवाल' (२०२३) खटल्यात न्यायमूर्ती अजय रस्तोगी यांनी तो मूलभूत हक्क असल्याचे स्वतंत्र मत नोंदविले, पण ते बहुमताचे नव्हते. 'हा हक्क कोणी दिला?' हा प्रश्न येथेही मतदाराचा पाठलाग सोडीत नाही.

७. निष्कर्ष

यावर उपाय म्हणून ब्रुएन खटल्यातील कसोटीच मताधिकाराला लावावी, अशी कल्पना सहज सुचते. परंतु ती मतदारालाच घातक ठरण्याचा संभव आहे. ज्या कसोटीत परंपरा हाच प्रमाण, तीत मताधिकाराच्या बाजूने उभे राहण्यासारखा इतिहास थोडा आहे. १७९१ च्या सुमारास बहुतेक राज्यांत मत मालमत्ताधारक पुरुषांचे होते. त्यानंतरच्या परंपरेत कर, परीक्षा व वगळणूक यांचाच भरणा अधिक. शस्त्राधिकाराला इतिहासाकडे पाहून बळ मिळते. मताधिकाराला ते इतिहासापासून दूर जाऊनच मिळत आले आहे. म्हणून त्याचा आधार वेगळा असावा लागेल : एक तर मताधिकार स्पष्ट शब्दांत बहाल करणारी नवी घटनादुरुस्ती, किंवा अट लादणाऱ्या राज्याने त्या अटीची आवश्यकता पुराव्यानिशी दाखवावी असा न्यायालयीन नियम. यांतील दुसऱ्या मार्गासाठी घटनेचा एकही शब्द बदलावा लागत नाही. पंधराव्या, एकोणिसाव्या, चोविसाव्या व सव्विसाव्या दुरुस्तीने जो हक्क गृहीत धरला, तो गृहीत आहे एवढेच मान्य करावे लागते.

हक्काचे बळ त्याच्या थोरवीवरून ठरत नाही. तो हिरावला जात असताना न्यायालय प्रथम कोणाकडे वळून कारण विचारते, यावरून ते ठरते. १८७६ मध्ये कोलफॅक्सच्या मृतांविषयी हा प्रश्न राज्याला विचारला गेला नाही. शस्त्रधारकाच्या वतीने तो आज विचारला जातो. जन्माचा दाखला नसलेल्या मतदाराच्या वतीने तो विचारला जाणे अद्याप बाकी आहे.